गावच्या फळ्यावर आकडे कसे लिहावेत?

खडूफळा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या पडवीत एक फळा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो लिहायचं काम माझ्याकडे आहे. आधी त्यावर सुविचार असायचा. गेली तीन वर्षं मी तिथे आठवड्याला एक आकडा लिहिते आणि तो आपल्या गावाशी कसा जोडलेला आहे ते खाली चार ओळींत सांगते.

याला कारण घडलं होतं. एका पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘लेप्टोचे रुग्ण दुप्पट’ असा मोठा मथळा आला. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणारा ताप. शेजारची सून लावणीला शेतात उतरेना. मी चष्मा लावून पूर्ण बातमी वाचली, तर तळाशी होतं की दोनाचे चार झाले. बातमी खोटी नव्हती. पण दोनाचे चार आणि दोनशेचे चारशे या दोन्हींना ‘दुप्पट’च म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा सारखाच येतो. त्या दिवसापासून कुठलाही आकडा फळ्यावर चढवण्याआधी मी विचारते, ‘कितीपैकी?’

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पावसाच्या आकड्याचा. ‘काल १०० मिलिमीटर पाऊस झाला’ हे लोक रोज ऐकतात, पण मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची बारीक रेघ, तिने पाऊस कसा मोजायचा? म्हणून मी फळ्यावर लिहिलं: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पाऊस पडला की प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा झाला. हे वाचून आमच्या वाडीतले एक आजोबा पडवीतच बसले आणि बोटांवर हिशेब करू लागले. त्यांच्या घराचं छप्पर हजार चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणजे एका पावसाळ्यात त्यांच्या एकट्याच्या छपरावरून पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी वाहून जातं, आणि एप्रिलमध्ये त्यांच्याच वाडीत टँकर येतो. त्यांनी त्या वर्षी पन्हळ लावून पाणी विहिरीकडे वळवलं. मी त्यांना ‘पाणी अडवा’ असं एकदाही म्हटलं नव्हतं.

दुसरा आकडा दहावीच्या निकालाचा. कोकण विभागीय मंडळ २०१२ साली झालं आणि राज्यात पहिलं येण्याची आपल्याला सवयच लागली आहे. २०२४च्या दहावीत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, कोकणाचा ९९.०१. अभिमान मलाही आहे, मी त्या मुलांना शिकवलं आहे. पण या मंडळात जिल्हे दोनच आणि परीक्षार्थी राज्यात सगळ्यांत कमी, हेही शेजारी लिहायला हवं. आणि शाळेच्या पातळीवर आलात की टक्का फारच हेलकावे खातो. आमच्या शाळेत एका वर्षी दहावीला सातच मुलं होती. एक नापास झाला आणि निकाल ‘१०० वरून ८६ टक्क्यांवर घसरला’. शिक्षकांची सभा झाली. तिथे टक्केवारीऐवजी त्या एका मुलाबद्दल बोलणं झालं असतं तर बरं झालं असतं.

तर मंडळी, तुमच्या कामातले, घरातले, बंदरावरचे आकडे तुम्ही लोकांना कसे समजावता? मला फळ्यासाठी नवीन गोष्टी हव्या आहेत, आणि माझं चुकत असेल तर तेही सांगा.

---

कलमबाग

बाई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी देवगडचा, हापूसची बाग आहे.

आमच्याकडे सर्वांत फसवणारा शब्द म्हणजे ‘सरासरी भाव’. मोसमाच्या सुरुवातीला कुठल्यातरी पहिल्या पेटीला डोळे फिरवणारा भाव मिळतो, त्याची बातमी होते आणि मुंबईतले पाहुणे फोन करून विचारतात, ‘यंदा मजा आहे ना?’

आकडे हिशेबापुरते घेतो. सात बागायतदारांना पेटीमागे २०००, २२००, २२००, २५००, २५००, ३००० आणि एकाला १५,००० रुपये मिळाले असं धरा. बेरीज २९,४००, सरासरी ४२००. आता बघा, सातपैकी सहा जणांना ४२०० मिळालेच नाहीत. त्याऐवजी भाव चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला माणूस धरला तर २५०० येतात. शाळेत याला मध्यक म्हणायचे, तेव्हा कशाला शिकवतात ते कळलं नव्हतं. आता मी भाव विचारताना ‘मधल्याला काय मिळालं?’ एवढंच विचारतो.

दुसरं, घट आणि वाढ. शंभर पेट्यांची बाग, एका वर्षी ५० टक्के घट आली, पुढच्या वर्षी ५० टक्के वाढ. ऐकणाऱ्याला वाटतं, झाली भरपाई. पण पन्नासाची ५० टक्के वाढ म्हणजे पंचाहत्तर. पंचवीस पेट्या गेल्या त्या गेल्याच.

आणि फळपीक विमा. आंब्याचा विमा हवामानावर आधारित असतो. माझ्या बागेत पाऊस पडून मोहोर काळा पडला तरी विम्याला दिसतो तो महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हवामान केंद्रावरचा पाऊस. अवेळी पाऊस असा चिंचोळा पडतो की खाडीच्या या बाजूला भिजतं आणि त्या बाजूला धूळ उडते. आकडा खरा असतो, पण तो माझ्या बागेचा नसतो. हे फळ्यावर अवश्य लिहा, ‘कितीपैकी’च्या जोडीला ‘कुठला?’

---

चाकरमानी_७६

कलमबाग, ‘कुठला?’ याचं मुंबईतलं उदाहरण देतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. मी त्या रात्री कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघालो होतो. कुलाब्याच्या माझ्या मामांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पत्ताच नव्हता. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर जो पाऊस येतो तो ना सांताक्रूझला पडला होता, ना कुलाब्याला.

पुष्कळदा ‘देशात पाऊस सरासरीइतका’ अशी बातमी येते. हवामान खात्याच्या भाषेत दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची ती देशाची सरासरी आहे सुमारे ८७ सेंटीमीटर. त्याच्या तिपटीहून जास्त तर एकट्या रत्नागिरीत पडतो. त्या बातमीवरून गावची लावणी ठरवता येणार नाही.

पण बाई, एक शंका. तुम्ही आकडा इतका सोपा करता, त्यात काही निसटत नाही का? टँकरचं उदाहरण छान आहे, पण पडलेलं सगळं पाणी हाताला लागत नाही. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, ते धावत समुद्रात जातं.

---

खडूफळा

निसटतं, अगदी बरोबर आहे तुमचं. म्हणून त्या फळ्याखाली मी दुसऱ्या आठवड्यात जोड दिली की छपरावरचं थोडं पाणी उडतं, पहिला पाऊस कौलं धुण्यात सोडून द्यायचा असतो आणि उरलेलं साठवायला तेवढी टाकी कोणाकडेच नसते. मला वाटतं, एकाच वेळी सगळं सांगायला गेलं की माणूस पडवीतून निघून जातो. आधी त्याला थांबवायचं आणि मग आपण सोपं करताना काय गाळलं ते कबूल करायचं. दुसरा भाग मात्र चुकवायचा नाही.

---

रापण

बाईंनू, माका एक विचारूचा आसा. ‘मासळी इतके टन गावली’ असा पेपरात येता, ता कोण मोजता? आमच्या बंदरार वही घेवन उभो रवलेलो माणूस मी कधी बघूक नाय.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझे वडील रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे, मी ट्रॉलरवर होतो, आता बर्फाचा धंदा आहे. नुसत्या टनांवरून समुद्राची तब्येत कळत नाही. पूर्वी एका रात्रीत जेवढी मासळी मिळायची तेवढीच आज तीन रात्री बाहेर राहून आणली, तर बंदरावर उतरलेले टन सारखेच दिसतील. डिझेल मात्र तिप्पट जळालं. तेव्हा ‘एका फेरीला किती’ हे विचारा. बाई म्हणतात ते ‘कितीपैकी’ आमच्याकडे फेरीवर मोजायचं.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. कोणी जुलैची आवक ऑगस्टशी ताडून ‘मोठी वाढ’ म्हणत असेल तर त्याला समुद्र माहीत नाही. ऑगस्ट ताडायचा तर मागच्या ऑगस्टशीच.

---

शितावरून_भात

रापणदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मूळ गाव दापोली, पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो.

मासळीचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा करणं अशक्य, म्हणून नमुना घेतात. बंदरांचे गट पाडायचे, त्यातली काही बंदरं आणि काही दिवस यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, त्या दिवशी आलेल्या काही होड्यांची मासळी मोजायची आणि त्यावरून पूर्ण किनाऱ्याचा अंदाज बांधायचा. तुमच्या बंदरावर तो माणूस तुम्हाला दिसला नाही म्हणून आकडा चुकीचा ठरत नाही.

माझं टोपणनाव त्यावरूनच घेतलं आहे. शितावरून भाताची परीक्षा आपल्या आजी करायच्या, पण त्या आधी पळी घालून भात खालीवर करायच्या. वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं असू शकतं. न ढवळता घेतलेलं शीत म्हणजे फसवा नमुना. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘जनमत कौल’ हा असाच न ढवळलेला भात, कारण उत्तर देणारे आपणहून वर आलेले असतात.

यात मराठी माणसाचा मोठा हात आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेतांची यादृच्छिक निवड करून त्यातला ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, मळायचा, वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं पीक काढायचं, ही पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्याच्या बाजूचे. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा लहान असला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि पीक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. भाताचं चोंढं कापलेल्या कोणालाही हे चटकन पटेल, कारण बांधाकडेची चार रोपं आत की बाहेर हा प्रश्न आपल्यालाही पडतो. महालनोबिसांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. बाई, त्या दिवशी फळ्यावर सुखात्म्यांना जागा द्या, एवढी विनंती.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. बाजारपेठेत दुकान आहे.

२००५ला पाणी आलं तेव्हा वडिलांना कोणीतरी सांगितलं की असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. वडिलांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता माझ्या आणि माझ्या मुलांच्या हयातीत चिंता नाही. माल पुन्हा खालच्याच फळ्यांवर लावला. २२ जुलै २०२१ला पाणी पुन्हा आलं. मध्ये सोळा वर्षं. काय काय गेलं ते लिहीत नाही, ज्यांचं गेलं त्यांना माहीत आहे. वडील आजही म्हणतात, ‘आकड्याने घात केला.’

---

शितावरून_भात

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांची यात चूक नाही. ‘शंभर वर्षांत एकदा’ हे शब्दच चुकीची समजूत करून देतात, आणि ती जबाबदारी आम्हा शिकलेल्यांची.

त्याचा खरा अर्थ असा. एका मडक्यात शंभर चिठ्ठ्या आहेत, एक लाल. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत मडक्यात टाकायची. लाल निघाली तर पूर. गेल्या वर्षी लाल निघाली म्हणून यंदा ती मडक्यातून कमी होत नाही. एका वर्षाला धोका शंभरात एक, पण तीस वर्षं चिठ्ठी काढत राहिलात तर निदान एकदा लाल निघण्याची शक्यता शंभरात सुमारे २६ होते. पन्नास वर्षांत जवळजवळ ४०. घराचं कर्ज फेडता फेडता चारात एक धोका, असं सांगितलं असतं तर वडिलांनी माल कुठे लावला असता?

आणि हे मडकंही तेच राहत नाही. शंभर हा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. नदीत गाळ साचला, काठ भरले, पावसाची तऱ्हा बदलली की लाल चिठ्ठ्या वाढतात आणि बाहेरून मडकं तसंच दिसतं.

---

वाशिष्ठीकाठ

चिठ्ठ्यांचं समजलं. वडिलांना आज संध्याकाळी सांगतो.

पण बाई, तुमच्या फळ्यासाठी एक सांगू? आम्हाला टक्का लक्षात राहत नाही, खूण राहते. दुकानाच्या आतल्या भिंतीवर मी दोन रेघा मारून ठेवल्या आहेत, २००५ची आणि २०२१ची. नवीन कामगार आला की त्याला आधी त्या दाखवतो. वरच्या रेघेच्या खाली वह्या, बिलं, वजनकाटा काही ठेवायचं नाही. याच्यापुढे काही समजवावं लागत नाही.

---

उपकेंद्र_ताई

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते. खडूफळा बाई, तुमच्या शेजारच्या सुनेबद्दल एक भर घालते. दोनाचे चार झाले हे खरं असलं तरी लेप्टोकडे दुर्लक्ष नको. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, ताप आला की अंगावर काढू नका. आकडा लहान आहे म्हणून घाबरू नये हे ठीक, पण खबरदारी सोडू नये.

तपासणीच्या टक्केवारीबद्दल लोकांशी बोलणं मला सर्वांत कठीण जायचं. ‘ही तपासणी ९० टक्के रुग्ण पकडते’ असं सांगितलं आणि अहवाल पॉझिटिव्ह आला की माणूस धरून चालतो, मला ९० टक्के आजार आहे. आता मी टक्के बाजूला ठेवते आणि माणसं मोजते. समजा, एक हजार माणसं तपासली. त्यातल्या दहांना खरंच आजार आहे. तपासणी त्यातल्या नऊ जणांना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी माणसांत शंभरातल्या पाचांना ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे जवळजवळ पन्नास जण. पॉझिटिव्ह आले एकोणसाठ, खरे आजारी नऊ. म्हणून दुसरी तपासणी करायची आणि तोपर्यंत रडायचं नाही. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, प्रत्येक आजाराचे वेगळे. पण खडे मांडून दाखवले की चौथी शिकलेल्या मावशीलाही कळतं, आणि टक्के सांगितले की पदवीधरही गोंधळतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

---

चाकरमानी_७६

ताई, हे आमच्या सोसायटीत वाचून दाखवणार आहे.

बाई, लोकसंख्येवर तुम्ही काही लिहिलं का? गावी बंद घरं बघितली की मला नेहमी वाटतं, आमची मोजणी नक्की कुठे होते?

---

खडूफळा

लिहिलं होतं, आणि त्यावरच सर्वांत जास्त चर्चा झाली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा ९२९. फळ्यावर हे वाचून एका पाहुण्यांनी मला अभिनंदन म्हटलं, ‘तुमच्याकडे मुलींना मान आहे.’ मी त्यांना खालची ओळ वाचायला लावली. शून्य ते सहा वयाच्या मुलांत दोन्ही जिल्ह्यांचा आकडा हजारच्या खालीच आहे. म्हणजे मुली जास्त जन्मतात असं नाही, पुरुष मुंबईला गेलेले आहेत. जिथे नेहमीचं राहणं असतं तिथे मोजणी होते, तेव्हा दादा, तुम्ही डोंबिवलीत किंवा कुर्ल्यात मोजले जाता आणि तुमच्या आई आमच्याकडे. त्या ११२२ मागे कितीतरी चुली आहेत ज्यांवर एकट्या बाईचा भात शिजतो.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. कमी झाली. राज्याची एकूण लोकसंख्या वाढली आणि आपल्याकडे घट. त्यानंतर २०२१ची जनगणना झालीच नाही, आता येणारीचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ आहे. तोवर गावची पाणी योजना असो की एसटीची फेरी, पंधरा वर्षांहून जुन्या आकड्यावर बोलणं चालतं. आणि गणपतीत गाव दुप्पट भरतं ते कुठल्याच रकान्यात नसतं, नळाला मात्र ते बरोबर कळतं.

मोजदाद करणारे घरी येतील तेव्हा त्यांना नीट बसवा, पाणी द्या आणि खरं सांगा. उद्या आपण जे आकडे वाचू ते त्यांच्याच हातून यायचे आहेत.

---

कलमबाग

बाई, एक करूया का? हवामान केंद्राचा पाऊस आमच्या बागेचा नसतो, तर आपला आपण मोजूया. वाडीवाडीत एकेक डबा.

---

शितावरून_भात

करा. डबा सरळ उभ्या भिंतीचा हवा, तोंड आणि तळ एकाच मापाचा. मग तोंड किती रुंद आहे याने फरक पडत नाही, आत साचलेलं पाणी पट्टीने मोजलं की तोच पाऊस मिलिमीटरमध्ये. बादली चालणार नाही, ती वर पसरट असते. मोजायची वेळ सगळ्यांची एकच, सकाळी साडेआठ, कारण हवामान खातंही तेव्हाच मोजतं. त्यामुळे ‘आजचा पाऊस’ म्हणून जो छापतात त्यातला बराचसा काल पडलेला असतो.

---

रापण

डबो माडाखाली ठेवलो तर चलात काय? थंय आडोसो आसा, वाऱ्यान उडाचो नाय.

---

शितावरून_भात

नको दादा. माडाच्या झावळ्या काही पाऊस अडवतात आणि काही एकदम ओततात. पागोळ्यांपासूनही लांब. झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर. उडू नये म्हणून भोवती चार चिरे लावा, पण डब्याच्या तोंडापेक्षा खाली राहतील असे, नाहीतर त्यांच्यावरचं पाणी उडून आत जाईल.

---

खडूफळा

डबे मांडले. आमच्या गावात चार झाले, एक शाळेच्या मुलांकडे दिला आहे. आज सकाळी फळ्यावर लिहिलं ते इथे उतरवते:

‘काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. खालची वाडी ६४ मिमी. सडा ९१ मिमी. देऊळवाडी ७०. शाळा: डबा कुत्र्याने पाडला, मोजता आला नाही.’

शाळेच्या मुलीने विचारलं, बाई, शून्य लिहू का? मी म्हटलं, नको, शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. जे झालं तेच लिही.